माणसाचा हात न लागलेली पानं

आरमोरीत आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना वाटतं, मी कुंडल्या बघते. खरं म्हणजे मी परदेशातल्या एका खगोलशास्त्राच्या जर्नलची पानं लावते. पण 'ग्रह' आणि 'तारे' हे शब्द एकदा कानावर पडले, की लोकांना पुढचं काही ऐकू येत नाही. समोरच्या घरातली बाई एकदा मुलाची कुंडली घेऊन आली. पोराचं लग्न जमत नव्हतं.

"बाई, तुमी ताऱ्याईचंच काम करता ना? याचा शनी केव्हा उतरते, तेवढं कॉम्प्युटरवर पाहून सांगा."

मी म्हटलं, शनीबद्दल मी जे वाचते ते त्याची कडी किती जाड आहेत याबद्दल असतं, आणि तो कुणावर चढलेलाच नाही तर उतरणार कसा. बाई तोंड पाडून गेली आणि मला शिक्षणाचा माज आलाय असं गल्लीभर सांगून आली. आमचं घर बौद्ध. कुंडली नावाचा कागद आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेला नाही, आणि ती बाई हे जाणून होती. तरी आलीच.

बाबा आत खाटेवर बसून हे ऐकत होते. ती गेल्यावर ते मनसोक्त हसले आणि मग म्हणाले, "शनी मरू दे. तुयं नाव कधी छापून येते, ते सांग."

हा प्रश्न ते मला वर्षानुवर्षं विचारत होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आमच्या घराण्यात पुस्तक हातात धरणारे ते पहिले. फळ्यावरचं पुसलं जातं, तोंडातलं हवेत जातं, छापलेलं मात्र राहतं, हा त्यांचा धर्मापलीकडचा विश्वास. पोरगी नागपुरात भौतिकशास्त्र शिकली, शंभरी कधीच ओलांडलेल्या एका जर्नलमध्ये काम करते, जगातले शास्त्रज्ञ त्यात लिहितात, हे सगळं त्यांना कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की त्यात तिचं नाव का नाही.

"तिथे शास्त्रज्ञांची नावं असतात, बाबा."

"मंग छापनाऱ्याचं नसते का? आमच्या पुस्तकाईच्या मांगं छापखान्याचं नाव राहे. पत्त्यासकट."

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे विषय बदलायला तिसरं माणूसही नाही. आणि अलीकडे या प्रश्नाला घाई आली होती. बाबांना काचबिंदू आहे. नजर कडेकडेनं विझत आत येते आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की थेंब टाकून उरलेली टिकवायची, गेलेली परत येत नाही. तेव्हापासून बाबा नजर तूप वाढल्यासारखी जपून वाढतात. टीव्ही नाही, मोबाइल नाही. सकाळच्या उन्हात थोडं वाचन, बस. "डोळे तुया नावासाठी ठेवले हायत," असं ते एकदा म्हणाले आणि मी त्यांच्यावर खूप चिडले. असं बोलणं ऐकून चिडण्याशिवाय माणूस दुसरं काय करणार?

माझं काम काय आहे ते सांगते. जगात कुठेतरी कुणीतरी एका ताऱ्याचा उजेड कमी-जास्त होताना मोजतो आणि त्यावर लेख लिहितो. जर्नलचे संपादक तो जाणकारांकडून तपासून घेतात. पसंत पडला, की तो दक्षिणेतल्या एका शहरातल्या कंपनीकडे येतो, आणि कंपनीकडून माझ्याकडे. मी समीकरणं योग्य जागी तोडते, तक्त्यातले दशांश एकाखाली एक आणते, आकृत्यांचे क्रमांक जुळवते, संदर्भातले खंड आणि पानं तपासते. उणे चिन्ह हा माझा खास शत्रू. ताऱ्याच्या पत्त्यातलं एक उणे गळलं, की तारा दक्षिणेच्या आकाशातून उठून उत्तरेत जाऊन बसतो. असे किती तारे मी आरमोरीत बसून परत जागेवर नेले असतील. पण लेखकाच्या वाक्याला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. शंका आली तर विचारायचं. त्या विचारण्याला आम्ही 'क्वेरी' म्हणतो. क्वेरीला क्रमांक असतो आणि भाषा ठरलेली असते: कृपया तपासावे, कृपया खात्री करावी. लेखक उत्तर देतो, आम्ही दुरुस्ती करतो, आणि छापायच्या आधी सगळ्या क्वेऱ्या काढून टाकतो. दळणारीचं नाव पिठात दिसत नाही, तसं आमचं.

हे काम मी आधी कंपनीत जाऊन करायची. महामारीत सगळ्यांना घरी पाठवलं, त्यात मी परत आले ती आलेच. इथून काम करायचं म्हणजे एक वेगळी कथा. एकदा रानहत्तींचा कळप तालुक्यात उतरला, तेव्हा खबरदारी म्हणून लाईन बंद ठेवली होती. काम उशिरा होण्याचं कारण म्हणून मी 'हत्ती' असं कळवलं. माझ्या टीमच्या साहेबांना वाटलं मी चेष्टा करते. त्यांनी मला जबाबदारीची जाणीव यावर एक लांब मेल लिहिला. बातमीचा फोटो पाठवला तेव्हा कुठे गप्प बसले. माफी मात्र नाहीच.

एकदा नाव येता येता राहिलं होतं. एका तरुण लेखिकेच्या समीकरणात मला चिन्हाची चूक सापडली. मी रीतसर क्वेरी टाकली. तिची चूक साधीसुधी नव्हती, निष्कर्षच उलटा झाला असता. बिचारीनं पूर्ण पान नव्यानं केलं आणि लेखाच्या शेवटी आभारात एक ओळ घातली: निर्मिती विभागात ज्या कुणी ही चूक पकडली त्यांचे मनापासून आभार. नाव तिला माहीतच नव्हतं, म्हणून तिनं कंपनीला विचारलंही. मी मूर्खासारखी त्याच दिवशी बाबांना सांगून बसले. बाबांनी चष्मा पुसून ठेवला.

मग नियम आडवा आला. जर्नलच्या शैलीपुस्तिकेत लिहिलेलं आहे, की आभारात निर्मिती विभागाचा उल्लेख नसावा. का नसावा ते लिहिलेलं नाही. ओळ काढायची सूचना आली, आणि ती काढायचं काम अर्थात ज्याच्याकडे लेख होता त्याच्याकडे.

"कोनं काढली?" बाबांनी विचारलं.

"तेच माझं काम आहे, बाबा."

त्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट स्वतःच वाढून घेतलं. मला अजून ठरवता आलेलं नाही, की राग माझ्यावर होता की नियम करणाऱ्यांवर.

त्यानंतर आला तो इतिहास. जर्नलच्या स्थापनेचा मोठा महोत्सव जवळ आला होता आणि त्यानिमित्त एका निवृत्त संपादकांनी जर्नलचा समग्र इतिहास लिहिला. या गृहस्थांना मी चांगली ओळखत होते. ते मला ओळखत नव्हते, ती गोष्ट निराळी. ते नेहमी आठवणीवरून संदर्भ देत. खंड चुकलेला, पान चुकलेलं, कधी कधी लेखकाच्या नावाचं आद्याक्षरही चुकलेलं. मी मुकाट्यानं शोधून काढून क्वेरीत बरोबर आकडा द्यायची आणि ते 'ठीक' एवढं लिहायचे. त्यांची विद्वत्ता निर्दोष दिसते, त्यात आरमोरीचा थोडा वाटा आहे.

लेख मात्र सुरेख होता. कडू माणसानंही कबूल करावं लागतं तेव्हा करावं. सुरुवातीला जर्नल म्हणजे काही हौशी गृहस्थांच्या बैठकीचा चार पानी वृत्तान्त होता. कुणी धूमकेतू पाहिला की पत्र लिहायचं, बैठकीत ते वाचलं जायचं आणि मग छापायचं. पहिले संपादक न्याहारीच्या टेबलावर प्रूफं वाचत, त्यामुळे जुन्या काही प्रूफांवर लोण्याचे डाग आहेत. ग्रहणाची चित्रं हातानं दगडावर काढून छापत. युद्धात कागद मिळेना तेव्हा अक्षर इतकं बारीक केलं, की सभासदांनी भिंग मागवली. मग छायाचित्रं आली, मग आकड्यांचे डोंगर आले, मग संगणक, आणि शेवटी एक दिवस कागदच बंद झाला. आता जर्नल फक्त पडद्यावर निघतं.

मधे एक परिच्छेद होता खिळे जुळवणाऱ्यांबद्दल. ताऱ्यांचे तक्ते हातानं जुळवायचे म्हणजे एकेक आकडा शिशाचा, उलटा, चिमटीत धरून बसवायचा. एका छापखान्यातल्या मुख्य जुळाऱ्यानं उभं आयुष्य याच जर्नलचे तक्ते जुळवले. तो निवृत्त झाला तेव्हा संपादक मंडळानं त्याच्या नावानिशी आभाराचा मजकूर अंकात छापला, फोटोसकट. पुढे ती पद्धतच पडली. छापखान्यातलं जुनं माणूस निवृत्त झालं, की त्याच्याबद्दल चार ओळी यायच्या. लेखात त्या सगळ्यांची नावं होती.

मी हा परिच्छेद बाबांना चहाच्या वेळी मराठीत सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे त्याहीच्यात रीत हाय!"

"होती, बाबा."

"रीत कुठी जाते? आता तो बुढा आजपर्यंत येऊन राह्यला ना लिवत लिवत? मंग तुमच्यापर्यंत येईनच."

म्हातारा आजपर्यंत आला, शेवटच्या परिच्छेदात. तिथे त्यांनी लिहिलं होतं: 'शिशाच्या खिळ्यांचा तो काळ आता गेला. आज जर्नलची निर्मिती पूर्णपणे स्वयंचलित आहे. लेखकाच्या हस्तलिखितापासून प्रकाशित पानापर्यंत कुठेही माणसाचा हात लागत नाही.'

मी ते वाक्य वाचलं तेव्हा माझा हात त्याच पानावर होता. याच लेखातले त्यांचे चुकलेले खंड मी सकाळपासून शोधत होते. मला त्या जुळाऱ्याचाही राग आला, त्याचा काय दोष, पण आला. मेल्यावरही त्याचं नाव इतक्या मानानं येतं, आणि जिवंत बाई आहे ती नाहीच.

नियमाप्रमाणे वाक्याला हात लावता येत नव्हता. विचारता येत होतं. मी क्वेरी लिहिली. खूपदा लिहिली आणि पुसली, कारण विनंती वाटू नये आणि तक्रारही वाटू नये. शेवटी ठरलेल्या भाषेतच लिहिली: 'कृपया खात्री करावी. ही पानं आजही एक व्यक्ती वाचते व लावते. वाक्य असेच ठेवायचे आहे का?'

उत्तर आलं. बाकीच्या सगळ्या क्वेऱ्यांपुढे 'ठीक' होतं. हिच्यापुढे होतं, 'असेच ठेवा.'

असंच ठेवलं. क्वेरी बंद केल्याची खूण केली आणि लेख पुढे पाठवला. पुढे म्हणजे एका नव्या सॉफ्टवेअरकडे. त्या वर्षी कंपनीनं ते आणलं होतं. बंद केलेल्या क्वेऱ्या ते आपण होऊन काढून टाकायचं आणि पान प्रकाशित करायचं. त्या टप्प्यानंतर आम्ही पानाकडे बघायचंही नाही, अशी सक्त सूचना होती.

लेख प्रकाशित झाला. शेवटच्या परिच्छेदात 'माणसाचा हात लागत नाही' या शब्दांच्या पुढे, कंसात, ठळक अक्षरात माझी क्वेरी जशीच्या तशी छापलेली होती. ही पानं आजही एक व्यक्ती वाचते व लावते. वाक्य असेच ठेवायचे आहे का?

आमच्या धंद्यात क्वेरी छापली जाणं म्हणजे अंगावरचे कपडे उतरल्यासारखं. पण खरं सांगते, मला अर्धा दिवस इतका आनंद झाला, की मी स्वयंपाक करताना गाणं म्हटलं. लोकांनी त्या पानाचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. कुठल्याशा वेधशाळेतल्या कुणीतरी त्याखाली लिहिलं होतं, 'ही व्यक्ती कोण आहे?' मी ते वाक्य बराच वेळ बघत बसले. बाबांना दाखवणार होते, पण ते जेवून आडवे झाले होते. म्हटलं, उठले की दाखवू.

ते उठायच्या आत पान दुरुस्त झालं. कंस गेला, क्वेरी गेली, मागे खूणसुद्धा नाही. छापलेलं पुसता येत नाही म्हणणाऱ्या माणसाला मी आता काय दाखवणार होते?

साहेबांचा फोन आला. मी त्यांना सांगितलं, माझ्याकडची खूण तपासा, मी क्वेरी बंद केली होती, सॉफ्टवेअरनं ती काढली नाही. ते म्हणाले, तपासलंय, तुमचं बरोबर आहे. मग म्हणाले, पण प्रकाशकाला तसं सांगता येणार नाही. त्या सॉफ्टवेअरवरच तर आपल्याला पुढचं कंत्राट मिळालंय. सॉफ्टवेअर चुकलं म्हटलं तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील, तुमच्यासकट. तुमच्यावर कारवाई होणार नाही, निश्चिंत राहा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानं आभार मानावेत अशी अपेक्षा. मी फोन ठेवून दिला.

काही दिवसांनी शुद्धिपत्र आलं. जर्नलमध्ये चूक झाली, की तिची कबुली स्वतंत्र पानावर द्यायची असते. त्या पानाला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि ते कायम राहतं. लेख दुरुस्त होतो, शुद्धिपत्र पुसलं जात नाही. आणि शुद्धिपत्र हेही शेवटी एक पानच, कुणीतरी ते लावायला हवं. ते माझ्याकडे आलं.

'निर्मितीदरम्यान झालेल्या मानवी चुकीमुळे उपरोक्त लेखाच्या अखेरच्या परिच्छेदात अनावश्यक मजकूर प्रकाशित झाला. तो भाग पुढीलप्रमाणे वाचावा: आज जर्नलची निर्मिती पूर्णपणे स्वयंचलित आहे. लेखकाच्या हस्तलिखितापासून प्रकाशित पानापर्यंत कुठेही माणसाचा हात लागत नाही. झालेल्या चुकीबद्दल प्रकाशक दिलगीर आहेत.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मानवी चूक, आणि माणसाचा हात लागत नाही, एकाच पानावर, एकामागोमाग एक. संपादकांपासून प्रकाशकांपर्यंत किती शहाण्या माणसांच्या नजरेखालून हे गेलं असेल. क्वेरी टाकावी असं आयुष्यात पाहिलेलं हे सर्वात योग्य पान. पण शुद्धिपत्राला लेखक नसतो, म्हणून त्यात क्वेरीची सोयच नसते. यंत्रानं केलं तर यंत्राचं, यंत्रानं बिघडवलं तर माणसाचं. मी समासरेषा नीट केल्या आणि पान पाठवून दिलं.

त्या दिवशी मी भांडी जरा जास्तच आपटली असणार.

"काऊन वं, काय झालं? कोनावर राग काढून राह्यली?" बाबा म्हणाले.

मी सगळं सांगितलं. वाक्य, क्वेरी, 'असेच ठेवा', सॉफ्टवेअर, साहेब, शुद्धिपत्र. चूक माझी नव्हती हे तर मी दोनदा सांगितलं. बाबा म्हणाले, "ते पान मले छापून आन."

"कशाला? त्यात काय आहे?"

"आन तं."

बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी ते मोठ्या अक्षरात छापून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले. कडेची नजर गेल्यामुळे ते कागद डोळ्यांसमोर आडवा सरकवत वाचतात. मास्तरांच्या सवयीनं मोठ्यानं, इंग्रजीतला एकेक शब्द बोटाखाली धरून. पहिल्याच ओळीत त्यांचं बोट थांबलं.

"ह्यूमन. म्हंजे मानूस."

"हो."

"म्हंजे त्याहीनं लिवलं, का तिथी मानूस होतं."

"मानवी चूक म्हणतात त्याला, बाबा. खोटं आहे ते. मी सांगितलं ना तुम्हाला, ती चूक कुणा माणसाची नव्हतीच."

"खोटं-खरं मंग पाहू." त्यांनी बोट उचललं नाही. "त्या पानावर दुसरं कोनी काम करे का? तुया सोडून?"

"नाही. मी एकटीच."

ते पुन्हा वाकले. कागद थोडा उजवीकडे सरकवला, तो शब्द नजरेच्या मधोमध आणला आणि बराच वेळ तसाच धरला. मग मान वर करून त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं.

"मंग ही चूक तुयीच ना, बाई?"

त्यांच्या विचारण्यात इतकी आशा होती, की मी हो म्हणाले.